विषाणू आला कोणाकडून

रिपोर्ट समजावून सांगून झाला तरी वनिता खुर्चीवरून उठेना. बाहेर बाक भरला होता. सिस्टर लता दोनदा दारातून डोकावून गेल्या होत्या.

"मना येवढंच सांगा म्याडम," वनिता म्हणाली. "ह्यो बाईला येतो कोनाकडून?"

मी म्हटलं, शारीरिक संबंधातून येतो.

"म्हंजे नवऱ्याकडून."

"बहुतेक वेळा. पण त्यात..."

पुढचं तिने ऐकलंच नाही. मान हलवली. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. "ती प्राजक्ताच," ती शांतपणे म्हणाली. "मना कवाचा डाऊट हाय."

उलव्यात माझं छोटं नर्सिंग होम आहे. पहिल्या मजल्यावर दहा खाटा, खाली मेडिकलचं दुकान. मी स्त्रीरोगतज्ज्ञ. वनिता घरत ही माझी जुनी पेशंट, तिच्या मुलाचं बाळंतपण मीच केलं. छत्तीस वर्षांची, शेजारच्या गावात दिलेली, बोलायला फटकळ. तिचा नवरा जगदीश याचे न्हावा शेवा बंदरात कंटेनर ओढणारे ट्रेलर आहेत. प्राजक्ता त्याच्या ऑफिसात बिलिंग बघायची. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी. मी तिला कधी पाहिलेलं नाही. पण तिच्या कुर्त्यांचे रंग, तिचा मोबाईल, ती जगदीशला 'सर' म्हणताना सूर कसा लावते, हे सगळं वनिताने मला त्या दिवशी ऐकवलं.

ती आली होती वेगळ्याच कामाला. तिची कॉपर-टी, म्हणजे बायका जिला तांबी म्हणतात ती, बदलायची मुदत झाली होती. तक्रार काहीच नव्हती. अशी बाई तपासणीच्या टेबलावर आलीच आहे तर मी पॅप स्मिअर उरकून घेते. गर्भाशयाच्या तोंडावरून मऊ ब्रश फिरवायचा आणि त्याला लागलेल्या पेशी लॅबला पाठवायच्या. दोन मिनिटांचं काम. दुखत नाही, थोडं चमकल्यासारखं होतं. त्याच नमुन्यातून एचपीव्ही नावाच्या विषाणूचीही टेस्ट होते. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी याच विषाणूमुळे होतो. तिशीनंतर प्रत्येक बाईने ठरावीक वर्षांनी ही तपासणी करावी, असं आम्ही सांगत असतो. बायका 'बघू' म्हणतात आणि तांबी बदलायलाच येतात.

वनिताची टेस्ट पॉझिटिव्ह आली. पेशीही बदललेल्या दिसल्या.

मी तिला सांगायचा प्रयत्न केला की हा विषाणू फार कॉमन आहे. संसार करणाऱ्या बहुतेक माणसांना तो कधी ना कधी लागून जातो. बहुतेकांचं शरीर तो आपोआप घालवून टाकतं. काहींच्यात तो वर्षानुवर्षं गप्प बसतो. आज सापडला म्हणजे आजच आला असं नाही. दहा वर्षांपूर्वी आलेलाही असू शकतो. कोणाकडून आला, हे सांगणारी टेस्ट जगात कुठल्याही लॅबमध्ये नाही.

ती ऐकत होती. पण मनात ती प्राजक्ताच्या टेबलापर्यंत पोचली होती.

पुढच्या आठवड्यात मी तिची कॉल्पोस्कोपी केली. म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयाचं तोंड बघायचं. त्यावर पातळ केलेलं व्हिनेगरसारखं ॲसिड लावतात. बिघडलेला भाग पांढरा पडतो. वनिताचा पडला. मी तिथला छोटा तुकडा काढून बायॉप्सीला पाठवला. रिपोर्ट आला, कॅन्सर नाही. पण कॅन्सरच्या आधीची सगळ्यात वरची पायरी. याला इलाज आहे आणि चांगला आहे. त्याला लीप म्हणतात. तारेच्या बारीक वळ्यातून वीज सोडून तेवढाच खराब भाग कापून काढायचा. जागेवरचं इंजेक्शन देऊन होतं, पिशवी काढावी लागत नाही, बाई संध्याकाळी घरी जाते. नाही केलं तर यातल्या बऱ्याच बायका काही वर्षांत कॅन्सरकडे जातात.

मी तारीख दिली. वनिता आली नाही.

सिस्टर लतांनी फोन केला तर म्हणाली, घरी पाहुणे आहेत. दुसरी तारीख दिली. तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा मी स्वतः फोन केला. तेव्हा तिने खरं सांगितलं. आधी याचा निकाल लावते, मग कापाकापीचं बघू, म्हणाली.

निकाल तिने लावला होता. ती सरळ जगदीशच्या ऑफिसात गेली होती. ड्रायव्हर, क्लीनर, एक कस्टमचा एजंट, एवढ्या लोकांसमोर तिने प्राजक्ताला विचारलं, तुझ्या अंगातला रोग माझ्या घरात कशाला पाठवलास. प्राजक्ता पर्स उचलून निघून गेली ती परत कामावर आली नाही. वनिता हे फोनवर सांगताना घाबरलेली नव्हती, समाधानी होती. मला मात्र धडकी भरली. एका मुलीची नोकरी माझ्या टेबलावरच्या अर्धवट ऐकलेल्या वाक्यावर गेली होती.

आणि वनिताच्या पेशी तिथेच होत्या.

दोन दिवसांनी सिस्टर सांगत आल्या की खाली गाडीत घरतशेठ बसलेत आणि मॅडमना पाच मिनिटं खाली यायला सांगतायत. मी म्हटलं, पेशंटबद्दल मी रस्त्यावर बोलत नाही, वर या म्हणावं. त्याला वर यायला बराच वेळ लागला. इतक्या वर्षांत मी त्याला वरच्या मजल्यावर पाहिलंच नव्हतं. मुलगा झाला तेव्हाही तो खाली गाडीत होता, बाळ खाली नेऊन दाखवावं लागलं होतं. वनिताला ते फार लागलं होतं.

चाळिशी ओलांडलेला, दांडगा, गळ्यात जाड साखळी. खुर्चीच्या टोकावर बसला. एसी चालू असून त्याच्या कपाळावर घाम होता.

तो म्हणाला, प्राजक्ताच्या बापाला ओळखतो मी, पोरीसारखी ती. तिच्याशी माझं काही नाही. मग त्याने खालच्या आवाजात विचारलं, वनिताचं लग्नाआधी एका ठिकाणी ठरून मोडलं होतं, तिथून तर नसेल ना आलं?

मी त्याला तेच सांगितलं जे तिला सांगितलं होतं. असेलही, नसेलही, कळायचा मार्ग नाही. वर हेही म्हटलं की तुमची बायको तुमच्यावर जो आळ घेतेय तोच तुम्ही तिच्यावर घेताय.

त्याने रुमालाने कपाळ पुसलं. मग म्हणाला, "म्याडम, माझी पयली बायको याच्यातच गेली."

वनिता दुसरेपणाची आहे हे मला माहीत होतं. पहिली रेश्मा. ती पोटात गाठ होऊन वारली, असं वनितानेच मला सांगितलं होतं. गावात सगळ्यांना तेवढंच माहीत होतं. प्रत्यक्षात रेश्माला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. अंगावरून जातंय हे तिने लाजेने फार दिवस लपवलं. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. असल्या जागेचा रोग म्हटल्यावर लोक बाईच्या चालीवर बोलतील, म्हणून घरच्यांनी 'पोटातली गाठ' असं ठरवून टाकलं. पुढे वनिताचं स्थळ आलं तेव्हाही तेच सांगितलं.

"मीच आणला का म्याडम हिच्याकडे?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, शक्यता आहे. रेश्माकडून तुम्हाला, तुमच्याकडून वनिताला, असं होऊ शकतं. रेश्माला तरी तो कुठून आला, तुमच्याकडूनच का, हेही सांगता येणार नाही. पुरुषांसाठी याची नेहमीची तपासणी नाही. त्यांना बहुतेक काही त्रासही होत नाही. तेव्हा हिशेब सोडा.

त्याने मला विनंती केली की हे वनिताला सांगू नका. मला वाटलं तो अब्रूला घाबरतोय. ते थोडंफार होतं. खरं कारण वेगळं होतं. घरात रेश्माचं नाव काढलं की वनिता दोन दिवस जेवत नाही, असं तो म्हणाला. रेश्मा गावात नावाजलेली होती. दिसायला देखणी, लग्नात हळदीला गाणी म्हणायला तिला पाच गावांतून बोलावणं यायचं. आजही सासूच्या तोंडी तीच. भाकऱ्या तिच्यासारख्या नाहीत, कोलंबीला तिच्या हातची चव नाही. हॉलमध्ये तिचा हार घातलेला फोटो. आणि घरात तिची मुलगी, तन्वी, आता तेरा वर्षांची, हुबेहूब आईच्या तोंडवळ्याची. वनिताने तन्वीचं खाणंपिणं, शाळा, कशात कमी केलं नव्हतं. पण तिला आईचा विषय काढायची बंदी होती. आता जर कळलं की आजारही रेश्माचाच, तर वनिता घरात राहायची नाही, असं त्याला वाटत होतं.

मी म्हटलं, मी सांगणार नाही. ते तुमचं आहे, तुम्हीच सांगायचं. पण ती या प्राजक्ताच्या भांडणापायी ट्रीटमेंट घेत नाहीये. तुमचं भांडण मिटेपर्यंत त्या पेशी थांबणार नाहीत. एक बायको उशिरा दवाखान्यात आणलीत. ही वेळेवर आलीय.

हे जरा कठोर झालं, मला कळत होतं. तो उठून गेला. मला वाटलं आता दोघंही येणार नाहीत.

शनिवारी ओपीडी संपत आली असताना दोघं आली. वनिता पुढे, तो मागे. तो दाराशीच उभा राहिला. मी 'सांगा' म्हटल्यावर त्याने सांगितलं. खाली बघत, तुटक तुटक. रेश्माला काय झालं होतं, गावाला काय सांगितलं, वनिताला काय सांगितलं. मी मध्ये बोलले नाही.

वनिता ओरडेल म्हणून मी तयारीत होते. ती ओरडली नाही.

मग तिने विचारलं, "दवाखान्यात तिच्याजवळ कोन व्हतं?"

"मीच," तो म्हणाला.

"रात्री?"

"रात्री पन. खाली चादर टाकून."

"भरवायचं कोन?"

"मी."

"शेवटपर्यंत?"

त्याने मान हलवली.

खरं सांगते, माझ्या डोक्यात तिसरंच काही आलं. माझ्या गॉलब्लॅडरच्या ऑपरेशनला माझे मिस्टर लॅपटॉप घेऊन बसले होते आणि मला बाहेर आणलं तेव्हा मीटिंगमध्ये होते. त्या मेलेल्या बाईचा क्षणभर मलाही हेवा वाटला. वनिताचं काय होत असेल.

"आनि माजा पोर झाला तवा तुमी गाडीत," वनिता म्हणाली. आता तिचा आवाज फुटला. "तांबी बसवाय आनली तवा गाडीत. परवा बायॉप्सीला गाडीत. मना वाटायचं, ह्यांना वर याची लाज वाटते. नायतर दुसरी कोन हाय. तिला भरवत व्हतात, आनि मना जिना चढून बघाय पन येवत नाय."

जगदीश म्हणाला, "वास येतो."

"कसला?"

"दवाखान्याचा. ती गेली तवापासून. जिन्यातच पोटात ढवळतं. तुला सांगितलं असतं तर तू बोलली असतीस, अजून तिलाच धरून बसलाय."

ती म्हणाली, "बोलली असती."

मी पंखा बघत होते. सिस्टर लता बाहेर दाराला कान लावून होत्या हे मला दाराखालच्या चपलांवरून दिसत होतं.

शेवटी वनिताने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "करूया म्याडम ऑपरेशन. पन हे वर बसतील. गाडीत नाय. आतमदी दाराजवळ."

मी जगदीशकडे पाहिलं. तो हो म्हणाला.

लीपच्या दिवशी तो आला. थिएटरच्या दाराबाहेर सिस्टरांनी त्याला स्टूल दिलं. वीस मिनिटांचं काम, त्यातली निम्मी तयारी. इंजेक्शन दिल्यावर वनिताला दुखत नव्हतं, पण ती पायांवर टाकलेल्या हिरव्या कापडापलीकडून सारखी एकच चौकशी करत होती.

"सिस्टर, हाईत का भाईर?"

लता दार किलकिलं करून बघायच्या. "आहेत."

थोड्या वेळाने परत. "हाईत का?"

"आहेत हो. घाम पुसतायत."

"गेले तर सांगा."

मी म्हटलं, वनिता, हलू नकोस. तारेचं वळं फिरवलं, तुकडा काढला, रक्त थांबवलं. तुकडा बाटलीत टाकून लॅबला. आम्ही तिला बाहेर आणलं तेव्हा जगदीश भिंतीला टेकून पांढराफटक बसला होता. मध्ये एकदा त्याला उलटीही झाली होती, लतांनी लिंबूपाणी दिलं होतं. पण स्टूल सोडलं नव्हतं. वनिताने त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तिच्या येळेला पन वकलात का?"

तो म्हणाला, नाय.

ती एवढी खूश झालेली मी कधी पाहिली नव्हती. माणसाचं मन कशात समाधान शोधेल सांगता येत नाही.

रिपोर्ट चांगला आला. कापलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ होत्या, म्हणजे खराब भाग पूर्ण निघाला होता. काही आठवडे जड उचलायचं नाही, संबंध ठेवायचा नाही, सहा महिन्यांनी पुन्हा टेस्ट. ती टेस्टही निगेटिव्ह आली. यावर तिने विचारलं की आता परत नाही ना होणार. मी म्हटलं, खात्री नाही, म्हणूनच येत राहायचं.

प्राजक्ताशी मात्र समेट झाला नाही. वनिताने तिच्या घरी मिठाईचा बॉक्स पाठवला, ड्रायव्हरच्या हातून. मी म्हटलं होतं, स्वतः जा. ती गेली नाही. बॉक्स तसाच परत आला. प्राजक्ताने तळोज्याच्या एका कंपनीत नोकरी धरली, असं जगदीशकडून कळलं. जगदीशच्या ऑफिसात आता बिलिंगला एक रिटायर्ड गृहस्थ बसतात. ते वनितानेच शोधले.

मे महिन्यात वनिता तन्वीला घेऊन आली. एचपीव्हीची लस द्यायची होती. ही लस मुलींना वयात येतानाच देतात, संबंध सुरू होण्याच्या आधी, तेव्हा ती सगळ्यात चांगली लागू पडते. पंधराच्या आत दिली तर दोनच डोस पुरतात. तन्वी दंड चोळत म्हणाली, माझ्या वर्गात कोणी घेतलेली नाही, मलाच कशाला?

वनिताने तिची बाही खाली ओढली. मग म्हणाली, "तुज्या आईला झाला व्हता गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. तुला नाय व्हायला पायजे."

मुलगी बघतच राहिली. तिला आजवर पोटातली गाठच माहीत होती. तिने विचारलं, आई कशी होती? वनिता म्हणाली, घरी चल, सांगते. आणि दारातून जाता जाता माझ्याकडे वळून, मुलीला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "भाकऱ्या काय येवढ्या चांगल्या नसतील तिच्या. सासू उगा बोलते."

मी या प्रकरणातून माझ्या कामापुरतं एक शिकले. नवीन पेशंट आली की मी आता घरातल्या आजारांची चौकशी करताना 'पोटात गाठ' या उत्तरावर थांबत नाही. पोटात कुठे, कुठल्या अवयवाची, काय इलाज केला, असं विचारते. जगदीशच्या घरच्यांनी लग्नाच्या वेळी आजाराचं खरं नाव सांगितलं असतं, तर वनिताची तपासणी मी तिच्या बाळंतपणानंतर लगेच केली असती. आमच्याकडे बाईच्या आजाराला नाव द्यायची लाज वाटते. ज्याला नाव नाही त्याची तपासणी कोणी सांगत नाही, आणि सांगितली तरी बाई येत नाही. बाई येते ती तांबी बदलायला. तेव्हा पॅप उरकून घ्यावी.